शेवाळाची अवस

‘दूरचा गं पाव्हणा, उंबऱ्याशी टेकला
शिळा तांब्या ओतूनी, ताजा पुढं ठेवला…’

लहानपणी भक्तीला जाग यायची ती आईच्या या ओवीनं. आई पहाटे हंडे विसळायची, रात्रीचं पाणी तुळशीला घालायची आणि गुणगुणायची.

आता भक्ती रत्नागिरीला शिकत होती. सुट्टीला सोनपेठला आली ती एसटीत मांडीवर तीन बरण्या सांभाळत. बरण्यांत समुद्राचं पाणी, आणि त्यात ओहोटीच्या खडकावरचं शेवाळ, पोपटी रेशमाच्या चिंधीसारखं. पाण्यातला खारटपणा बदलला, ऊन बदललं, की या चिंधीच्या कडा बीज सोडतात. कधी सोडतात, हाच भक्तीचा अभ्यास. दोन बरण्या तिनं वरच्या फळीवर ठेवल्या. तिसरी मावेना, म्हणून खाली माठाशेजारी. ऊन तिन्हींना एकाच खिडकीचं.

आज सकाळी तिसरीतल्या शेवाळाच्या कडा पांढऱ्या पडलेल्या, सुटलेल्या बीजानं पाणी हिरवं. वरच्या दोन जशाच्या तशा.

"असं कसं?" भक्ती बरणी फिरवत राहिली. ऊन तेच. पाणी तेच.

"काल अवस होती," वडील, महारुद्र, बशीत चहा ओतत म्हणाले. "तुझ्या पाल्याला कळली असंल."

"मग वरच्या दोघींना का न्हाई कळली, आबा?"

"त्या तुझ्यासारख्या शिकलेल्या असतील."

भक्तीला हसू आलं नाही. अवसेला समुद्राला उधाण येतं. "एवढ्या दूर येऊनबी याला समुद्राची भरती आठवत असंल तर?" ती स्वतःशीच बोलली. अंगावर काटा आला. पण मग वरच्या दोन्ही कशा विसरल्या? काहीच जुळेना. तरी तिनं अभ्यासाला मार्गदर्शन करणाऱ्या सरांना फोन लावला. सर हे शोधनिबंधात घालणार. खोटं ठरलं तर वर्षाची मेहनत जाईल, आणि पुन्हा तिच्या शब्दावर कोण विश्वास ठेवील?

आई, पार्वतीबाई, पुसलेला माठ पुन्हा पुसत होती.

"खरंच समुद्र आठवला असंल का गं त्याला?"

"तसंच वाटायलंय, आई. दुसरं काय असणार?"

आईचा चेहरा उजळला, आणि लगेच उतरला. पलीकडे रिंग वाजत होती.

"ठिव तो फोन," आई म्हणाली. "समुद्र बिमुद्र काय आठवला न्हाई त्याला. रोज हंडे भरताना मीच त्यातलं तांब्याभर शिळं पाणी काढून ताजं घालायले. वरच्यांना हात पुरला न्हाई माझा. एवढ्या दुरून आलेलं लेकरू, शिळ्या पाण्यात कसं ठिवू?"