पुस्तकाबरोबर पाठवलेली बरणी

आमच्या घरातून कोणाचं भांडं रिकामं परत गेलेलं नाही. माझ्या सासूच्या हयातीत नाही आणि माझ्या राज्यातही नाही. शेजारणीच्या ताटलीतून कणसं आली तर ताटली जाताना भाकरीचा तुकडा तरी घेऊन जाते. केंटकीच्या या डोंगरात ज्याला एवढी रीत कळत नाही, त्याला आम्ही काय म्हणतो ते लिहिण्यासारखं नाही.

ऑक्टोबरात माझी नात मार्नी एक पुस्तक घेऊन आली. पाचवीतली पोर. बाईंनी सगळा वर्ग गावच्या सार्वजनिक वाचनालयात नेला, प्रत्येकाच्या नावाचं कार्ड करून दिलं आणि सांगितलं, दर सोमवारी यायचं, हिंडायचं, हवं ते उचलायचं.

"हवं ते? फुकट?" मी विचारलं.

"हो, मॅमॉ." आजीला आमच्याकडे मॅमॉच म्हणतात. "वाचनालय सगळ्यांचं असतं."

"सगळ्यांची गाय उपाशी मरते. पुस्तक दिलं कोणी ते सांग."

"वाचनालयातल्या मिस एव्हरसोलनी."

"हां, मग तसं बोल की."

पुस्तक होतं कोळशाच्या खाणीत दगडांवर उमटलेल्या जुन्या झाडांच्या पानांचं. आठवडाभर संध्याकाळी ती ओसरीवर मोठ्याने वाचायची आणि मी शेंगा सोलायचे. माझा नवरा हॉबर्ट तीस वर्षं खाणीत उतरला. असली पानं त्याने पाहिली असणार. मला कधी बोलला नाही, मीही कधी विचारलं नाही.

रविवारी पोर खोकत पडली होती. दुसऱ्या दिवशी पुस्तकाची मुदत संपत होती, म्हणून चर्चला जाता जाता मीच ते घेऊन निघाले. बरोबर सफरचंदाच्या ताज्या मुरांब्याची बरणी, निळ्या फुलांच्या फडक्यात बांधलेली. वाचनालय बंद. परत आलेली पुस्तकं टाकायला भिंतीत एक झडप आणि तिच्यावर पाटी. मी शाळा पाहिली ती दुसरीपर्यंत. पाटीवरचा 'पुस्तकं' एवढा शब्द मला लागला, बाकीच्या ओळी मी सोडून दिल्या. आधी पुस्तक टाकलं, मग बरणी.

काच फुटल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. मी इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. गाडीत बसले, चर्चला गेले आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने गायले.

सोमवारी खोकला उतरला म्हणून मार्नी शाळेत गेली आणि रिकाम्या हाताने घरी आली.

"नवीन पुस्तक कुठाय गं?"

"कार्ड काढून घेतलं. उन्हाळ्यापर्यंत मिळणार नाही."

"कोणाची हिंमत?"

ती बूट काढत राहिली. मग म्हणाली, "मिस एव्हरसोलनी टेबलावर वर्तमानपत्रं अंथरून पुस्तकं मांडली होती. पानं चिकटलेली, काचा रुतलेल्या. आणि निळ्या फुलांचं फडकं. त्यांनी विचारलं, हे कोणाचं. मी म्हटलं, माझं. मी मुद्दाम टाकलं."

"मुद्दाम? तू असं का सांगितलंस, वेडे?"

"मग काय सांगू? माझ्या आजीला पाटी वाचता येत नाही, असं? सगळ्या वर्गासमोर?"

मी पन्नास वर्षांत कोणाचं उत्तर राखून ठेवलेलं नाही. त्या दिवशी मी तिचे बूट उचलून दाराशी नीट लावून ठेवले.

"पोरं ओरडत होती, हिला कार्ड नको, पाव द्या," ती म्हणाली. ती हसली, मला बरं वाटावं म्हणून. तेच मला सहन झालं नाही.

मंगळवारी शाळा सुटल्यावर तिला घेऊन वाचनालयात गेले. चर्चची टोपी घातली होती. कशाला, देव जाणे. टेबलाभोवती तिच्या वर्गातली चार-पाच पोरं बसली होती. वाटलं, मिस एव्हरसोलना बाजूला बोलवावं, हळूच सांगावं. पण पोरीने सगळ्या वर्गासमोर माझं पाप अंगावर घेतलं होतं.

"ती बरणी मी टाकली," मी म्हणाले. "उसनं आणलेलं रिकामं परत करत नाही आम्ही. पाटी होती, पण मला वाचता येत नाही. फुटल्याचं ऐकलं आणि पळाले. या पोरीचं कार्ड तिला द्या."

कोणी हसलं नाही. हसले असते तर मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते.

मिस एव्हरसोलनी खणातून कार्ड काढून मार्नीच्या हातात ठेवलं. मला म्हणाल्या, "रविवारी फोन केला असतात, तर निम्मी पुस्तकं वाचवता आली असती."

"खरंय, बाई."

टेबलाजवळच्या एका मुलीने विचारलं, "दगडातल्या पानांचं पुस्तक पण गेलं? माझा नंबर होता त्याच्यासाठी."

"गेलं," मिस एव्हरसोल म्हणाल्या.

त्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतंच. मी मान खाली घातली. या डोंगरात माझी खाली गेलेली मान कोणी पाहिली नव्हती. त्या दिवशी पाचवीच्या पोरांनी पाहिली.

"मॅमॉ, आत चल ना. कपाटं दाखवते," मार्नी म्हणाली.

"तू जा. शोध तुला काय हवं ते. सावकाश शोध."

ती कपाटांमध्ये दिसेनाशी झाली. मी दाराजवळच्या खुर्चीवर बसले, टोपी काढून मांडीवर धरली, आणि ती येईपर्यंत कोणाकडे पाहिलं नाही.