नाकवाले महाराज आणि आमची कांदाचाळ

येवल्याबाहेर एका पत्र्याच्या शेडपुढे तीनेकशे माणसं नाकं वर करून बसली होती. शेजारच्या बाभळीला डॉक्टरांनी दिलेल्या नाकाच्या फवाऱ्यांचं तोरण लटकत होतं. जो तो आपली बाटली टांगून मोकळा होत होता.

"हे स्टेरॉईड नाक जाळतं, मेंदू जाळतं," नाकवाले महाराज सांगत होते. "गंध हा पृथ्वीचा गुण. आमच्या अर्कानं पृथ्वीतत्त्व जागं होतं. डॉक्टरला पृथ्वी कुठं दिसते?"

माझ्या सासूबाई, सगुणाबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, पुढच्याच रांगेत. महाराजांनी त्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि अर्कात भिजवलेला रुमाल नाकाशी धरला.

"आला?"

"आला, महाराज. पार टाळूपर्यंत गेला."

टाळ्या पडल्या. आत्याबाई रडल्या. मी शाळेत विज्ञान शिकवते, नाशिकला राहते. तरी तोंड शिवून बसले. म्हटलं, म्हातारीचा आनंद कशाला नासवा. ती चूक मला अजून खाते.

कारण त्यांच्या नाकावर आमची चाळ उभी असते. सगळा उन्हाळ कांदा शेतातल्या त्या जाळीदार चाळीत साठवलेला, आणि एक सडला की शेजारचे दहा घेऊन जातो. रोज पहाटे आत्याबाई चाळीच्या कडेनं हुंगत जायच्या. "इथं हात घाल," म्हणायच्या. कारभारी, म्हणजे माझे दीर, हात घालायचे आणि नेमका सडका कांदा काढायचे. मग नाकात मांस वाढलं, वास गेला. नाकाच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या फवाऱ्यानं तो दीड वर्षात बराचसा परतला होता. पण आषाढात सर्दी झाली, वास पुन्हा मंदावला, आणि कुणीतरी कानात सांगितलं की स्टेरॉईड जास्त दिवस घेतलं की नाक कायमचं जातं. झालं, बाटली बाभळीला.

दीड महिन्यानं गावी गेले तर बांधावरच नाकाला पदर लावावा लागला.

"भाऊजी, हा वास येत नाही तुम्हाला?"

"येतोय दोन दिस," कारभारी म्हणाले. "पण आई रोज फिरती, म्हणती चांगली हाय. तिच्या नाकापुढं माझं काय?"

आत्याबाई ठामच होत्या. "मला वास येतो की. कांदा चिरला का झणका बसतो नाकात."

मी त्यांच्याच पदरानं त्यांचे डोळे बांधले. चिरलेला कांदा धरला. त्यांनी लगेच ओळखला. कॉफीची पूड धरली. "कायच नाय." मग चाळीतला पाणी सुटलेला कांदा नाकाशी नेला. दोनदा हुंगून म्हणाल्या, "माती हाय का?"

मी तो त्यांच्या हातात ठेवला. बोटांना चिकट लागलं तसा त्यांनी पदर ओढून काढला, हाताकडे पाहिलं आणि तिथंच खाली बसल्या.

"म्हंजे मीच बुडवलं घर," म्हणाल्या.

झणका वेगळा, वास वेगळा. निलगिरी, पुदिना, कापूर, चिरलेला कांदा नाकाला झोंबतात, मिरची जिभेला झोंबते तसे. झोंबणं कळवणारी नस निराळी, वास मेलेल्या नाकातही जागी असते. महाराजांच्या रुमालात नेमकं झोंबणारंच होतं.

मी आत्याबाईंना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या रागावल्या नाहीत. "फवाऱ्याचा डोस थोडा असतो. वर्षानुवर्षं घेऊन कधी नाक कोरडं पडतं, रक्त येतं, म्हणून तपासायला बोलावते. वास सहसा त्यानं जात नाही, वाढलेल्या मांसानं जातो. तुम्ही फवारा सोडलात आणि मांस पुन्हा वाढलं."

"परत येईल वास?"

"प्रयत्न करू. खात्री देत नाही."

निम्मी चाळ उकिरड्यावर गेली. पुढच्या रविवारी आत्याबाई स्वतःहून स्टीलचा डबा घेऊन शेडवर आल्या. पट्टी बांधलेली एक बाई "आला, आला" म्हणत होती. आत्याबाईंनी तिच्या नाकापुढं डबा उघडला; आत चाळीतला सडका कांदा होता. भोवतालची माणसं नाक दाबून मागं सरली. ती बाई मात्र हसऱ्या तोंडानं तशीच बसून होती.

"काय धरलंय, महाराज? मला तर कायच येत नाय."

महाराज म्हणाले, अश्रद्धेची बाधा आहे. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

आत्याबाईंनी बाभळीवरची आपली बाटली सोडवली. मागं अजून शंभरेक लटकत होत्या. त्यांतली एखादी तुमच्या घरची असेल तर तिच्याबद्दलची भीती डॉक्टरांना विचारा, बाभळीला टांगू नका. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर आधी असा घरचा डबा उघडून तो पारखून बघा.