लग्नाच्या फोटोतली गंगा

शालिनी लग्न होऊन डिचोलीहून इब्रामपूरला आली, त्याला दीड वर्ष होत आलं होतं. नवरा अनंत डिचोलीलाच खाणीच्या मातीच्या ट्रकवर ड्रायव्हर. शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. आठवडाभर घरात दोनच माणसं, ती आणि सासरे जयराम. सासू दोन वर्षांपूर्वी वारली होती. जयराम वाईट माणूस नव्हता, पण बोलणं मोजकं. सकाळी पेज, दुपारी जेवण, बाकी वेळ कुळागरात माडा-पोफळींशी. सुनेला काही सांगायचं तर तो आधी खाकरायचा, आणि पुष्कळदा खाकरण्यावरच थांबायचा.

चवथ तीन आठवड्यांवर आली, तेव्हा शालिनीने माळा साफ करायला घेतला. तिथे तिला बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा मिळाला. डब्यात फोटो होते. मुंजीचे, लग्नांचे, अनंतच्या शाळेचा एक. सगळ्यांना दमट वास येत होता आणि काहींच्या कडांना बुरशी धरली होती. गणपतीला सगळं गोत या घरात जमायचं, आणि ही सगळी माणसं डब्यात सडत होती. तिला ते बरं वाटलं नाही.

डिचोलीला असताना ती महिला मंडळात हस्तकला शिकली होती. तिच्या हाताला ते काम ठाऊक होतं. करवंट्या घरात हव्या तेवढ्या. तिने चांगल्या गोल निवडल्या, वरच्या शेंड्या काचेच्या तुकड्याने खरवडल्या, पॉलिश पेपरने घासघासून गुळगुळीत केल्या. मग खोबरेल चोळलं, तशी करवंटी शिसवासारखी काळीभोर चमकायला लागली. तापलेल्या खिळ्याने भोकं पाडून त्यांतून सुंभ ओवला. मैद्याची खळ शिजवली, तिच्यात कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घातलं. आणि कात्री घेऊन फोटोतले चेहरे गोल कापून एकेक करवंटीत बसवले. एका सुंभावर पाच करवंट्या, असे तीन सर. ओटीच्या रिकाम्या भिंतीवर ते टांगून ती मागे सरली आणि स्वतःशीच हसली. घर एकदम भरल्यासारखं दिसत होतं.

संध्याकाळी जयराम पाय धुऊन ओटीवर आला आणि उभाच राहिला.

"ह्या तू केलंस?"

"होय, बाबा."

तो जवळ गेला. चष्मा नव्हता, म्हणून एकेक करवंटी हातात धरून डोळ्यांशी नेऊ लागला. बायकोचा चेहरा पाहिला तेव्हा त्याचा अंगठा करवंटीच्या कडेवरून दोनदा फिरला. शालिनीला इतकं समाधान या घरात कधी झालं नव्हतं. मग त्याने मधल्या सरातली मोठी करवंटी धरली. तिच्यात मुंडावळ्या बांधलेलं जोडपं होतं.

"हो आमचो सगुणदादा. ही वयनी." तो हसला. मग करवंटी उलटी-सुलटी करून म्हणाला, "आणि गंगा खय?"

"गंगा कोण, बाबा?"

"हयसर उबी होती. वयनीच्या कुशीक."

शालिनीला एकदम आठवलं. फोटोच्या कडेला एक परकर-पोलक्यातली मुलगी होती. हात हलल्यामुळे पुसट झालेला, चेहरा मात्र स्पष्ट. शेजारपाजारची कुणीतरी मध्ये घुसलेली असेल, असं म्हणून तिने कात्री चालवली होती.

"कडेचा सगळा मी कापून काढलंय, बाबा."

"कपटे खय आसत?"

"न्हाणीच्या चुलीत घातलंय. सकाळी."

ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने करवंटी सावकाश सोडली, ती हलायची थांबेपर्यंत पाहत राहिला, आणि मागच्या दाराने कुळागरात निघून गेला. जेवायला आला तो दोन घास खाऊन उठला. शालिनी न्हाणीत जाऊन चुलीतली राख काठीने उकरत बसली. जाड पुठ्ठ्याचा एक काळा कोपरा हाती आला. बोटं लागताच त्याचा चुरा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेजेची वाटी पुढे ठेवून ती तिथेच बसली.

"बाबा, माका मारा, गाळी घाला. पण गंगा कोण ता सांगा."

जयराम खाकरला. तिला वाटलं, आता थांबणार. पण तो थांबला नाही.

"माजी धाकटी भयण. सगुणदादाच्या लग्नात नव वर्सांची होती. फोटोवालो म्हापश्याहून आयलेलो. काळ्या कपड्याखाली त्यान तोंड घातल्यान, आणि ह्या चेडू धावत जाऊन वयनीकडे उब्या रवला. आवय पाठसून आड्डता, पण ह्या हलणा नाय." तो थोडा हसला. "त्याच पावसात जोर आयलो, आंग नुसता तापलेला. तीन दिवसांत गेली. आवयन मागीर तिचा नाव घेऊक दिल्यान नाय कोणाक. अनंताकपण म्हायत नाय. मगे तुका खयसून कळतला? तुजी चूक नाय, बाय."

तो "बाय" म्हणाला आणि शालिनीच्या डोळ्यांतून खळकन पाणी आलं. पदराने तोंड पुसून तिने विचारलं, "फोटो एकच काढलेलो?"

"प्रती दोन. एक आमका, एक व्हकलेच्या, वयनीच्या म्हायेरा. आरोंद्याक." मग त्याने मान हलवली. "पन्नास वर्सां झाली, गो. वयनी गेल्यार येणा-जाणापण रवला नाय."

"आरोंदा न्हंयच्या पलीकडे. लांब थोडाच आसा?" शालिनी म्हणाली. "जाऊया."

जयरामने पेज संपवली, हात धुतले, आणि खुंटीवरचा धुतलेला शर्ट काढला.

पेडण्याहून बस बदलून दोघं किरणपाणीला आली. होडीत बसल्यावर जयराम पाण्याकडे बघत म्हणाला, लग्नाला गेलो तेव्हा इकडे पोर्तुगीज होते आणि तिकडे इंग्रज, काठावर गोऱ्या पाखल्यांचा शिपाई उभा असायचा. होडीवाल्याने वल्हं मारता मारता सांगितलं, आता इकडे नवं गोवा राज्य नि तिकडे महाराष्ट्र, पण भाडं तेच. शालिनीच्या मांडीवर रुमालात बांधलेली ती मोठी करवंटी होती. का आणली ते तिला सांगता आलं नसतं. हात हलवीत जायचा धीर होईना, एवढंच.

वयनीचा धाकटा भाऊ दत्ताराम घरीच होता. साठीला आलेला, किडकिडीत. त्याने आधी जयरामला ओळखलंच नाही. ओळखलं तेव्हा हात धरून ओढीत घरात नेलं आणि इतक्या वर्षांत एकदाही आला नाही म्हणून चहा येईपर्यंत बोल लावीत राहिला. मग फोटोचं ऐकून त्याने बशी खाली ठेवली.

"फोटो आसा," तो म्हणाला. "पण तुमका दाखवूक लाज वाटता."

देवघराच्या बाजूच्या भिंतीवरून त्याने तो काढून आणला. तोच फोटो, पूर्ण. उजव्या कडेला गंगा उभी होती. दोन वेण्या, पोलक्याची एक बाही वर चढलेली, हात हललेला आणि डोळे थेट समोर. जयरामने काचेवर बोट ठेवलं.

पण तिच्या शेजारी वयनीचं तोंड नव्हतं. साडी होती, हार होता, मुंडावळ्यांची टोकं होती, आणि चेहऱ्याच्या जागी पांढरा पुठ्ठा.

"वल येऊन फोटो काचेक चिकाटलेलो," दत्ताराम खाली बघत म्हणाला. "मी काच बदलूक गेलंय, तर बायेचा, माज्या भयणीचा, तोंड काचेबरोबर निघान इला. माज्याच हातान. बायेचो दुसरो फोटो नाय आमच्याकडे. मागीर आवय धा वर्सां जगली, पण माज्याशी त्या फोटोची गोष्ट काढूक नाय तिना."

शालिनीने रुमालाची गाठ सोडली आणि करवंटी त्याच्यापुढे धरली.

दत्तारामने ती दोन्ही हातांत घेतली. दाराच्या उजेडाकडे वळवून पाहिली. मग आतल्या दिशेने हाक मारली, "अगो, भायर ये. आमची बाय बघ." बायको आली, सून आली. करवंटी हातोहात फिरून परत त्याच्याकडे आली.

"ता चेडू माका बरा याद आसा," करवंटीवरची नजर न काढता तो जयरामला म्हणाला. "त्या दिसा बायेक रडू आवरा नाय. मी बाजूकच उबो. तुमची गंगा धावत इली, तिचो पदर धरल्यान आणि म्हणता, 'वयनी, रडू नको. आमच्या म्हशीक रेडकू झाला हा, तुका दाखवतंय.' बाय रडता रडता हसली. तेवड्यात फोटो काढल्यान."

जयरामने मान वर केली. "माका वाटलेला फोटोत येवची हावस म्हणून धावली."

"नाय. बाय रडता म्हणून धावली."

मग मात्र जयरामला आवरलं नाही. खांद्यावरचा पंचा तोंडाला लावून तो बसल्या जागी हमसून रडला. पन्नास वर्षं आईच्या धाकाने आवरलेलं रडणं होतं ते. शालिनी सासऱ्यापासून हातभर अंतर ठेवून बसायची, ती सरकून जवळ बसली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

निघताना दत्तारामने फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून शालिनीच्या हातात दिला. "प्रत काढून हाडून दी. तवसर बाय हयसर रवांदे."

"तवसर कित्याक?" जयराम म्हणाला. "तुजी भयण तुजेकडेच रवांदे. सगुणदादापण आसा सोबतीक."

पेडण्याच्या स्टुडिओवाल्याने फोटोवरून फोटो काढला. चेहऱ्याची ती पांढरी जागा हाताने रंगवून देतो म्हणाला, पण जयराम नको म्हणाला. पाठीमागे नाव लिहून ठेवावं म्हणून स्टुडिओवाल्याने विचारलं, "ही मुलगी कोण?" तेव्हा जयराम न खाकरता म्हणाला, "गंगा. माजी भयण."

शालिनीने त्या प्रतीला कात्री लावली नाही. पोफळीच्या विरीच्या, पानाच्या रुंद देठाच्या, पट्ट्या विणून तिने चौकट केली आणि फोटो अख्खाच्या अख्खा भिंतीवर लावला. मूळ फोटो घेऊन अनंत रविवारी आरोंद्याला जाऊन आला. आत्याचं नाव त्याला त्या आठवड्यात पहिल्यांदा कळलं होतं, आणि तो बापाकडे जरा नव्याने बघायला लागला होता.

चवथीला घर भरलं. ओटीवर करवंट्यांसमोर ही गर्दी. आपापले चेहरे शोधून पोरं ओरडत होती, आपलाच फोटो का नाही म्हणून एक काकी फुगली होती, आणि शालिनी घामाघूम होऊन करंज्यांसारख्या नेवऱ्यांचं ताट घेऊन फिरत होती. नव्या चौकटीपुढे जयरामचा एक चुलतभाऊ थांबला. डोळे बारीक करून त्याने पाहिलं.

"ही गंगा ना? सगुणाच्या लग्नातली? सात वर्सांची आसताना गेली ती."

"नव," जयराम ओटीच्या दुसऱ्या टोकावरून म्हणाला. लोकांच्या पायांतून वाट काढीत तो तिथवर आला. "नव वर्सांची होती. बस हयसर, सांगतंय तुका. शालिनी, ह्याका नेवरी दी गो. आणि तूपण बस."