वात न लावता

मित्रांनो, मी एक जुना ग्लायडर आहे. दचकू नका. माझ्यात इंजिन नाही, कॅमेरा नाही, बॅटरीसुद्धा नाही. हलक्या लाकडाच्या काड्या आणि त्यांवर ताणलेला पातळ कागद, एवढाच माझा संसार. तिसा नदीकाठच्या वेंडेलकाकांनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर बनवलं. तो सबंध हिवाळा पिरोश्काकाकू मांडीवर ताट घेऊन जेवल्या.

उन्हाळ्यात काका मला कुरणावर नेत आणि लांब दोरी धरून धावत. मी वर चढलो की दोरी सैल सोडत. टोकाची कडी माझ्या पोटाखालच्या आकड्यातून निसटे आणि मी मोकळा होई. पुढे मला कुणी चालवत नसे. तापलेली हवा वर उचली, वारा नेई. शेपटीला एक वात असे. ती जळत शेपटीच्या रबरापर्यंत आली की रबर तुटे, शेपूट वर उडे आणि मी डुलत खाली येई. वात लावायची राहिली, तर ग्लायडर गेलाच म्हणून समजा.

म्हणूनच काकांच्या ग्लायडर-क्लबची एक रीत होती. सभासद वारला की त्याचा ग्लायडर कबरीपासून वात न लावता सोडायचा. त्यानं परत यायचं नाही. काका म्हणायचे, "पिरोश्का, माझ्या वेळी याला वात लावलीस, तर उठून येईन हं."

मग ड्रोन आले. कुणा शहाण्यानं आपला ड्रोन विमानतळाच्या वाटेत घातला, आणि उडणारं सगळं एकाच मापानं मोजलं जाऊ लागलं. नोंदणी, नंबर, उंचीची मर्यादा. कचेरीत साहेबांनी काकांना विचारलं, "हे चालवतं कोण?"

"वारा."

"काका, जबाबदार माणूस सांगा."

"मग वाऱ्यालाच बोलावून घ्या, साहेब. मी बसतो."

कुणी हसलं नाही. माझ्या पंखावर नंबराची चिकटपट्टी बसली आणि कागद कायमचा सुरकुतला.

यंदा वसंतात काका गेले. क्लबचा अध्यक्ष लोरान्त, काकांच्याच हाताखाली शिकलेला. कबरीपाशी त्यानं मला वात लावली नाही, पण कडी आकड्याला दोऱ्यानं घट्ट बांधली. मी वर चढलो. दोरी सैल पडली. कडी निसटेना. हवा काय सुंदर तापली होती हो! मला थेट रुमानियात नेलं असतं.

"सोड ना रे त्याला," काकू म्हणाल्या.

"काकू, परवानगी दोरीपुरतीच आहे. सुटून वर गेला तर उडवायला मिळालेलं आपलं कुरण जाईल."

"त्यांनी तुला दोरी धरायला कशासाठी शिकवलं होतं, लोरान्त?"

लोरान्तनं मला खाली ओढलं. डोक्यावर एक ड्रोन गुणगुणत दफनाचं चित्रण करत होता. त्याला परवानगी होती.

कुरण तरीही गेलंच, पुढच्याच महिन्यात. आता मी गावच्या सभागृहात छताला टांगलेला आहे, त्याच दोरीनं. धूळ बसू नये म्हणून वर प्लॅस्टिक घातलंय. काकू अधूनमधून येतात, खाली उभ्या राहतात.

"अजून इथेच का रे?" म्हणतात आणि जातात.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने जीव शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी नाही म्हणणार. मला पोटभर जपलंय. तुमच्यापैकी कुणी कधी कात्री घेऊन इकडे आलंच, तर कडीवरचा तेवढा दोरा कापा आणि मला बाहेर उन्हात न्या. वात शोधत बसू नका.