दुसऱ्या दिवशी हजर

कुंडलिक सोनकांबळेला माणसं फळ्यावर दिसायची. घाटकोपरला विहाराच्या मागच्या खोलीत त्याने एक पांढरा फळा लावला होता. डावीकडे स्वयंसेवकांची नावं, वर सोमवार ते शनिवार, आणि चौकटींत पेशंट. मुलुंडपासून कुर्ल्यापर्यंतची अंथरुणाला खिळलेली माणसं. कुणाला आंघोळ घालायची, कुणाची कूस बदलायची, कुणाजवळ नुसतं बसायचं.

कुंडलिकची बायको दोन वर्षं अशीच पडून होती आणि तशीच गेली. तेव्हा मदतीला काळं कुत्रं फिरकलं नव्हतं. त्या रागातून त्याने हे काम उभं केलं. राग खराच होता. पण एकदा का चौकटी आखल्या की माणसाला त्या भरायचा नाद लागतो. पेशंट गेला की कुंडलिक डस्टर घ्यायचा, नाव पुसायचा आणि संध्याकाळच्या आत तिथे दुसरं नाव लिहायचा. ‘आपल्याकडे चौकट रिकामी राहत नाही,’ हे तो छाती फुगवून सांगायचा.

गेले तीन दिवस मात्र एक चौकट भरूनही रिकामी होती. शांताबाईची.

शांताबाई अर्धांगाने पडलेली होती. घरात एकच सून, तीही कामावर जायची, म्हणून दुपारचं जेवण स्वयंसेवकाने भरवायचं. पाच महिने प्रेमा सावंत भरवत होती. मग प्रेमाचा मोबाइलवर एका ओळीचा निरोप आला, ‘उद्यापासून मी येणार नाही.’ कारण नाही, काही नाही. कुंडलिकने उलट लिहिलं, ‘ठीक आहे, कळवा.’ काय कळवायचं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

तिच्या जागी सपनाला पाठवलं. सपना कुरिअरच्या ऑफिसात अर्धा दिवस काम करायची, दोन मुलांची आई, तोंडाने फटकळ. ती त्या दिवशी डबा तसाच परत घेऊन आली आणि तिने तो टेबलावर आपटला.

“दादा, तिसरा दिवस. दात घट्ट आवळून घेते. पाणी पण ओठावरून खाली. दाराकडे बघते आणि प्रेमा, प्रेमा करते. सून म्हणाली, असंच चाललं तर नळी घालायला हॉस्पिटलात न्यायला लागेल.”

“तू गोड बोलून बघितलंस का?”

“गोड बोलू? गाणं म्हटलं मी, दादा! माझा नवरा ऐकेल तर तलाक देईल. तुम्ही जा भांडुपला आणि प्रेमाताईला घेऊन या.”

“येईल ती. आपलीच आहे.”

सपना हसली. ते हसणं कुंडलिकला आवडलं नाही.

‘आपलीच आहे.’ कुंडलिकच्या तोंडी हे वाक्य रोज असायचं. संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात शाल मिळायची ती खुर्च्या देणाऱ्या मंडपवाल्याला, औषधं देणाऱ्या दुकानदाराला. स्वयंसेवकांना नाही. घरच्या माणसांना कसले आभार मानायचे? ते परकं केल्यासारखं होतं, असं तो म्हणायचा, आणि टाळ्याही मिळायच्या. फुकट राबणाऱ्या माणसाला घरचं म्हणायचं आणि घरच्यासारखं विचारायचं मात्र नाही, की बाई, तू कशी आहेस? ही सोय आपल्याकडे भल्या भल्यांनी करून घेतली आहे. कुंडलिक तर भलाच माणूस होता.

भांडुपच्या टेकडीवर प्रेमाची चाळ होती. कुंडलिक पायऱ्या चढून धापा टाकत दारात उभा राहिला. प्रेमा तांदूळ निवडत होती. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर हिने खानावळीचे डबे करून घर ओढलं होतं. साठी उलटली तरी हात मजबूत.

“इलात? चपला आत काढा. भायर ठेवल्या तर कुत्रो न्हेता.”

तो बसला. पाणी आलं. चहा आला. शांताबाईचं नाव ओठावर होतं, पण प्रेमा तांदळातून मान वर काढेना. शेवटी कुंडलिकच म्हणाला, “नातवाची परीक्षा आहे का? म्हणून येणं बंद केलंत?”

“नातू पयलीत हा, भाऊ. तेची कसली परीक्षा?”

“मग कुणी काही बोललं का?”

“तुम्ही बोललात.”

“मी? कधी?”

“गेल्या आठवड्याच्या कार्यक्रमात. स्टेजवर. शंभर माणसांसमोर.”

आता त्याला आठवलं, आणि आठवल्यावर तो आणखीच चक्रावला. त्या दिवशी त्याने तिची स्तुती केली होती! नव्या स्वयंसेवकांच्या प्रत्येक तुकडीला तो ही गोष्ट सांगायचा. काशीराम परब नावाचा म्हातारा पेशंट भरदुपारी प्रेमाताईंच्या समोर गेला. एकटी बाई घरात. आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला प्रेमाताई नव्या पेशंटच्या दारात हजर! एक सुट्टी नाही, एक कुरकुर नाही. असा स्वयंसेवक पाहिजे.

“वाईट काय बोललो, प्रेमाताई?”

प्रेमाने सूप खाली ठेवलं.

“तुमका ठाऊक हा का, ते कसे गेले? कुणी विचारला?” तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “आमच्या कणकवलीकडचे ते. माझ्याशी मालवणीतच बोलत. मुलगा कामावर. बाराला कूस बदलायची होती, तुम्हीच शिकवलंत ना, दर दोन तासांनी. मी पाठीमागे हात घातला, डाव्या कुशीवर घेतलं. असं. आणि श्वासच थांबला. माझ्या हातात. मी परत उताणं केलं, हाका मारल्या. काय नाय. मग तुमका फोन केला.”

कुंडलिकला तो फोन आठवत होता. ट्रस्टींची बैठक चालू होती. तो बाहेर व्हरांड्यात आला होता आणि भराभर बोलला होता. डॉक्टरला बोलवा. मुलाला कळवा. सुटले बिचारे.

“आणि फोन ठेवताना म्हणालात, उद्या अकराला घाटकोपर, शांताबाई, नवीन केस. मी गेले. न जाऊन काय सांगू? माझ्या हातान माणूस मेला म्हणून येत नाय, असं सांगू? पाच महिने शांताबाईची कूस बदलली, पण प्रत्येक वेळी डोळे मिटून. घरात नातू झोपेत वळला तरी माझं काळीज लकलकतं. आणि तुम्ही तेची गोष्ट करून सांगता. लोक टाळ्या वाजवतात.”

कुंडलिकची मान खाली गेली. कारण त्याला माहीत होतं.

पहिल्या वर्षी एक जुनी नर्स शिकवायला आली होती. तिने स्पष्ट सांगितलं होतं की अगदी शेवटाला आलेल्या माणसाला कुशीवर घेताना कधी कधी तोच शेवटचा श्वास ठरतो. तो जाणारच असतो. पण ज्याच्या हातात जातो, तो आयुष्यभर स्वतःला खातो. म्हणून त्याच दिवशी त्याच्याजवळ जाऊन बसा, सगळं बोलू द्या, आणि हे सांगा. कुंडलिकने वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. आणि तुकड्यांना शिकवताना ते पान नेमकं गाळलं होतं. असलं सांगितलं तर लोक घाबरतील, उद्यापासून येणार नाहीत. चौकटी कोण भरणार?

“तुमच्या हाताने नाही गेले ते,” तो म्हणाला. मग सगळं सांगितलं. नर्स, वही, दोन रेघा, गाळलेलं पान. काही लपवलं नाही.

प्रेमाने सूप उचललं, परत ठेवलं.

“हे तुमका तेव्हापासून ठाऊक होता?”

“हो.”

“त्या दिवशी सांगितलं असतंत, भाऊ. फोनवर जरी सांगितलं असतंत.”

पदराने डोळे पुसून ती बोलायला लागली. काशीराम शेवटी काय म्हणाला, खिडकीत कावळा कसा होता, मुलगा आल्यावर तिला आपले हात कुठे लपवू असं झालं. तास गेला, दीड तास गेला. कुंडलिक ऐकत राहिला. पाच महिने उशिरा ऐकत होता. शांताबाईसाठी या म्हणायचं त्याच्या तोंडून निघेना. ते तिनेच ओळखलं.

“शांताबाय जेवत नाय ना? माझ्याच्यान येववणार नाय. हात धजत नाहीत. पण ऐका. जेवणाआधी तिचे केस विंचरा. मागून पुढे, हळू. मग डाव्या बाजूला बसा, उजवीकडचा तोंड तिचा चालत नाय. आणि चमचा घाईत पुढे करू नका. ती घाई ओळखते.”

दुसऱ्या दिवशी कुंडलिक स्वतः गेला, सपनाला घेऊन. केस विंचरले. डाव्या बाजूला बसला. शांताबाईने त्याच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि पेजेचे चार चमचे घेतले. पाचव्याला ओठ मिटले. “प्रेमा?” तिने विचारलं. कुंडलिकने कंगवा परत हातात घेतला.

जिना उतरताना सपनाने विचारलं, “कधीपासून येतेय प्रेमाताई?”

“नाही येणार.”

“मग काल एवढा वेळ तिकडे काय केलंत?”

“बसलो होतो.”

खालच्या पायरीवर तो थांबला. सपनाचे डोळे ओढलेले होते, हे त्याने आज पाहिलं. तीन दिवस ती मिटलेल्या तोंडासमोर चमचा धरून बसली होती.

“सपना, तू कशी आहेस? झोप लागते का तुला?”

सपना दचकली. तिने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“का, दादा? उद्या कुठे पाठवताय?”