विटणार नाही, विरणार नाही

पेरूच्या रोपासाठी अंगणात खड्डा खणताना शिंपीणबाईंच्या कुदळीला काहीतरी अडकलं. ओढून काढलं, तर प्लॅस्टिकची पिशवी! नळाखाली धरल्यावर माती वाहून गेली आणि लालभडक अक्षरं वर आली: ‘आमचं कापड विटणार नाही, विरणार नाही!’

त्यांनी लगेच ओळखलं. ही तर बाबांच्या कापडाच्या दुकानातली पिशवी. दुकान बंद होऊन तीस वर्षं झाली, बाबांना जाऊन वीस. त्या कापडाचे झगे झाले, झग्यांची पायपुसणी झाली, पायपुसण्यांचीही केव्हाच माती झाली. पिशवीला मात्र साधं भोक नाही. जणू कालच कोणी बाजारातून आणली.

“ताई, बाबांचा शब्द खरा ठरला की गं!” रोप घेऊन आलेला धाकटा भाऊ हसला. त्याने पिशवी हातात घेऊन ताणून पाहिली; फाटेना.

मग त्याने रोपाची काळी पिशवी सोडवली आणि सवयीने तिथेच टाकली.

“उचल ती आधी, रोपवाटिकेत परत देऊन ये,” त्या हळूच म्हणाल्या. “हीसुद्धा आपल्या दोघांना पोचवून मागे उरेल रे, शिवाय या झाडालाही.”