माशांना शिवणारी मिशी

मित्रांनो, मी मांजराच्या मिशीचा एक जुना केस आहे. उपटलेला नाही, आपोआप गळालेला. माझी मांजर ज्या काकांची, ते प्रयोगशाळेतल्या माशांना खाऊपिऊ घालतात. त्यांनी मला सोफ्यावरून उचललं, एका काडीला चिकटवलं आणि संशोधक ताईच्या हाती दिलं. माशाला शिवून त्याला जिवंत सोडणारा आमच्या घराण्यातला मी पहिलाच!

काम नाजूक होतं. तिळाएवढ्या पिल्लांच्या शेपटीला हळूच शिवायचं. हालचालीचा हुकूम नेणाऱ्या चेतापेशींचे धागे मणक्यातून स्नायूंपर्यंत नीट पोहोचले असतील, तर पिल्लू सुर्रकन पळतं. पण त्या धाग्यांना वाट कोण दाखवतं? ताईचा संशय एका जनुकावर होता. चार वर्षं ती त्याच्याच मागे हात धुऊन लागली होती. ते जनुक बंद केलेली पिल्लं पळाली नाहीत, की ताईचं म्हणणं खरं.

त्या दिवशी मी एकेकाला शिवलो. एकही हललं नाही! ताई खुर्चीतून उडालीच. मग तिने शेजारची बशी पुढे ओढली. त्यातल्या पिल्लांचं जनुक शाबूत होतं. मी शिवलो. तीही ढिम्म!

ताईचा चेहरा खर्रकन उतरला. चार वर्षं पाण्यात!

"ही मिशीच म्हातारी झालीय," असं म्हणत तिने मला कचऱ्याच्या डब्यावर धरलं. नाचता येईना, अंगण वाकडं, दुसरं काय?

"अगं, थांब थांब!" काका धावले. "आधी फोटो काढलेस ना या सगळ्यांचे?"

"हो. वळवळत होती, म्हणून पाण्यात गुंगीचं औषध घातलं."

"मग पाणी बदललंस?"

ताईने जीभ चावली.

"झोपलेल्यांना गुदगुल्या करतेस आणि वर मिशीला बोल लावतेस होय गं?"

पाणी बदललं. सगळे थांबलो. मग मी शिवायचा अवकाश, शाबूत पिल्लं थेट बशीच्या कडेला! जनुक बंद असलेली मात्र जागच्या जागी नुसती थरथरली. फोटोतही त्यांचे धागे अर्ध्या वाटेत भरकटलेले दिसले. ताईने काकांना मिठीच मारली. मला कोणी मारली नाही.

आता मी जरा वाकलोय. तरी एक विनंती. काम झालं की मला स्वच्छ धुऊन आडवं ठेवत जा. आणि फेकायचंच असेल, तर खुशाल फेका. फक्त आधी मासे जागे आहेत का, तेवढं बघा.